उतारा

बराकपूरच्या धोबीघाटावरून होडी सुटली की दहा-पंधरा मिनिटांत श्रीरामपूर येतं. हुगळीच्या अलीकडे छावणी, पलीकडे मिशन. मराठी माणसाला या पलीकडच्या काठाचं थोडं ऋण मानावं लागतं. १८०५ साली विल्यम कॅरीनं मराठी भाषेचं व्याकरण इथेच छापलं, आणि त्याला मराठी शिकवणारे पंडित वैजनाथ शर्मा होते. पाच वर्षांनी, १८१० मध्ये, त्याचा मराठी शब्दकोशही इथूनच बाहेर पडला, तोही मोडी लिपीत. म्हणजे मराठी शब्दाला परभाषेत अर्थ शोधून द्यायचा, तो छापायचा, हा उद्योग या नदीकाठी दोनशे वर्षांपूर्वी सुरू झाला. लग्नानंतर मी बराकपूरला आले आणि बंगालीतून मराठीत भाषांतरं करू लागले, तेव्हा या गोष्टीचा मला उगाचच आधार वाटायचा.

दोन वर्षांपूर्वी एका संस्थेसाठी मी एक छोटी पुस्तिका मराठीत करायला घेतली. अमली पदार्थ सोडणाऱ्या माणसाच्या घरच्यांनी पहिल्या काही दिवसांत काय करावं, काय करू नये, याची ती माहिती होती. मूळ मजकूर बंगाली. छावणीमुळे, नोकऱ्यांमुळे, इथे मराठी कुटुंबं येत-जात असतात. त्यांच्यासाठी पंधरा-वीस पानं. आठवड्याभरात होईल असं वाटलं होतं. पहिल्याच पानावर अडले.

तिथे लिहिलं होतं, ‘प्रत्याहारजनित उपसर्ग’. बंगालीत उपसर्ग म्हणजे रोगाचं लक्षण. मराठीत उपसर्ग म्हणजे व्याकरणातला ‘प्र’, ‘परा’, ‘अप’. नाहीतर त्रास, उपद्रव. तेवढं सोडवता येतं. प्रत्याहाराचं काय करायचं? बंगालीत खटला मागे घेतात तोही प्रत्याहार आणि नशा थांबल्यावर शरीर जे भोगतं तेही प्रत्याहार. मराठी वाचकाला मात्र हा शब्द पतंजलीच्या अष्टांगांतलं पाचवं अंग म्हणून माहीत: इंद्रियांना विषयांपासून आत ओढून घेणं. हातपाय आखडून, ओकून, घामानं भिजून जो माणूस जमिनीवर लोळतोय, त्याच्या अवस्थेला योग्याचा शब्द कसा द्यायचा?

मराठी डॉक्टर ‘विथड्रॉवल’ म्हणतात. सरकारी पत्रकात कधी ‘माघार’ येते, पण माघार लढाईतली किंवा निवडणुकीतली. ज्यांनी ते भोगलं त्यांचा शब्द वेगळाच आहे. मुंबई-पुण्यात गर्द घेणारे म्हणत, ‘टर्की लागली’, ‘टर्कीत आहे’. इंग्रजीतल्या ‘कोल्ड टर्की’चा तो तुटून हाती आलेला तुकडा. अंगावर उभा राहणारा काटा पाहून पिसं उपटलेल्या पक्ष्याची आठवण होते, असं त्याचं एक लोकप्रिय स्पष्टीकरण आहे. ते खरं असो-नसो, तो काटा खरा आहे.

मी हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा सात वर्षांची होते. त्याकडे मी नंतर येते.

*

पुस्तिका नीट करायची तर आधी गोष्ट समजून घ्यायला हवी होती, म्हणून मी वाचत गेले. हेरॉईनसारख्या अफूजन्य पदार्थाची सवय लागलेल्या शरीराला तो मिळाला नाही, तर साधारण सहा ते बारा तासांत सुरुवात होते. जांभया येतात, डोळ्यांतून-नाकातून पाणी वाहतं, घाम फुटतो. मग पोटात कळा, उलट्या, जुलाब, हाडांत दुखणं, झोप नाही, पाय आपोआप झटकले जातात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हे सगळं टोकाला पोचतं आणि आठवड्याभरात बहुतेक ओसरतं. अफू मेंदूतल्या काही पेशींना दाबून ठेवते. त्या दाबाला तोंड देत पेशी जास्त जोर लावायला शिकलेल्या असतात. दाब अचानक निघाला की तो सगळा जोर मोकाट सुटतो. म्हणून अफूनं जे जे मिळतं त्याच्या नेमकं उलट या दिवसांत घडतं. वेदना थांबत होती तिथे वेदना, बद्धकोष्ठ होता तिथे जुलाब, पेंग होती तिथे टक्क जाग.

दारूचं वेगळं आहे. अफूची टर्की भयंकर दिसते, पण धडधाकट माणसाच्या पोटात पाणी टिकलं तर ती सहसा जीव घेत नाही. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्यानं दारू एका दिवसात तोडली, तर फिट्स येऊ शकतात, दोन-तीन दिवसांनी भ्रम होऊन माणूस दगावूही शकतो. या भ्रमाला ‘डेलिरियम ट्रेमेन्स’ हे नाव १८१३ मध्ये थॉमस सटन या इंग्रज डॉक्टरनं दिलं. म्हणून दारूचा माणूस घरी कोंडून ‘सोडवायचा’ नसतो. त्याला औषध आणि ब जीवनसत्त्वातलं थायमिन देत, देखरेखीखाली उतरवायचं असतं.

हे ज्ञान आजचं आहे असं मला वाटत होतं. चरकसंहितेनं तो समज थोडा हलवला. चिकित्सास्थानाच्या चोविसाव्या अध्यायात मदात्ययाचं, म्हणजे मद्याच्या अतिरेकानं होणाऱ्या विकारांचं विवेचन आहे. तिथे ध्वंसक आणि विक्षय अशा दोन अवस्था सांगितल्या आहेत. पिणं थांबवलेला माणूस पुन्हा एकदम भरपूर पिऊ लागला तर त्या होतात आणि त्या बऱ्या करायला कठीण असतात. सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात पादांशिक क्रमही आहे. अंगवळणी पडलेली अहितकर गोष्ट एकदम तोडू नये, चतकोर चतकोर कमी करत जावी, आणि तिच्या जागी हितकर गोष्ट तशीच हळूहळू आणावी. अफू चरकाला ठाऊक नव्हती. भारतीय वैद्यकात ‘अहिफेन’ पुढे शार्ङ्गधराच्या काळात दिसते. पण दोन प्रश्न त्यानं नेमके पकडले होते: सोडायचं कसं, आणि सोडल्यानंतर परत गेलं तर काय होतं. पुढच्या दोनशे वर्षांचा जो इतिहास मी वाचला, त्यात पहिल्या प्रश्नाची उत्तरं खूप आहेत. दुसऱ्याकडे जगाचं लक्ष फार उशिरा गेलं.

*

बराकपूर म्हटलं की मराठी माणसाला एकच नाव आठवतं. २९ मार्च १८५७, रविवारची दुपार, ३४वी बंगाल नेटिव्ह इन्फन्ट्री, मंगल पांडे. त्यानं लेफ्टनंट बॉवर गोळी झाडली, शेवटी स्वतःवरही झाडली, जखमी होऊन वाचला, खटला चालला आणि ८ एप्रिलला फाशी गेला. खटल्याच्या कागदांत एक प्रश्नोत्तर आहे, ते शाळेच्या पुस्तकात येत नाही. नशेच्या अमलाखाली होतास का, या प्रश्नावर त्यानं कबूल केलं की अलीकडे तो भांग आणि अफू घेत होता, पूर्वी कधी शिवत नव्हता, आणि आपण काय करत होतो याचं त्या वेळी भान नव्हतं.

ही नोंद वाचून त्याचं मोठेपण कमी होतं असं मला वाटत नाही. बरोबरच्या कुणाचं नाव घ्यायला त्यानं नकार दिला, हेही त्याच कागदांत आहे. मला खिळवून ठेवलं ते त्या अफूच्या गावानं. मंगल पांडे बलियाकडचा मानला जातो, आणि बलिया तेव्हा गाझीपूर जिल्ह्यात मोडे. गाझीपूरला १८२० पासून कंपनीचा अफूचा कारखाना होता. शेतकऱ्यानं खसखस लावायची, चीक कंपनीलाच विकायचा, कारखान्यात त्याचे गोळे वळायचे, पेट्यांत भरून ते गंगेतून कलकत्त्याला यायचे, तिथे लिलाव व्हायचा आणि माल चीनला जायचा. याच १८५७ साली सरकारनं अफूचा नवा कायदा करून ही मक्तेदारी अधिक घट्ट बांधली. अफूच्या नावा बराकपूरच्या घाटांवरून पुढे कलकत्त्याकडे जात होत्या. शिपायाच्या हातातली अफू आणि त्याचा पगार एकाच खजिन्याच्या हिशेबात होते.

आपण मराठी लोक या हिशेबाबाहेर नव्हतो. माळव्याची अफू होळकर आणि शिंदे यांच्या मुलखात पिकत होती आणि कंपनीला जकात भरून मुंबई बंदरातून बाहेर पडत होती. मुंबईच्या कितीतरी पहिल्या मोठ्या इमारती, रुग्णालयं, शाळा या व्यापाराच्या पैशावर उभ्या राहिल्या.

इंग्लंडमध्ये या व्यापाराविरुद्ध ओरड वाढली तेव्हा १८९३ मध्ये लॉर्ड ब्रॅसीच्या अध्यक्षतेखाली शाही अफू आयोग नेमला गेला. आयोगावर दोन भारतीय होते, दरभंग्याचे महाराज लक्ष्मेश्वर सिंह आणि जुनागढचे माजी दिवाण हरिदास विहारीदास देसाई. त्या हिवाळ्यात आयोगानं कलकत्त्यात आणि इतर शहरांत शेकडो साक्षी नोंदवल्या. १८९५ च्या अहवालाचा सारांश असा, की हिंदुस्थानातला अफू खाणारा बहुतांशी बेतानं खातो, आणि इंग्रजाला जशी दारू तशी त्याला अफू. हेन्री विल्सन या सदस्यानं वेगळं मत नोंदवलं. महसूल वाचला. ‘सोडता येतं का, सोडवताना काय करावं’ हा प्रश्न त्या सगळ्या कागदांच्या ढिगात कडेला राहिला. अपाय नाही असं एकदा ठरलं की उताऱ्याची गरज उरत नाही.

*

उतारा हा मराठी शब्द मला इथे सुचला, आणि मग सुटेना. विषावरचा उतारा, नशेवरचा उतारा. लहान मूल सारखं रडतंय म्हणून तिन्हीसांजेला चौकात ठेवलेला दहीभाताचा उतारा. जमिनीचा सातबारा उतारा. आणि शाळेत भाषांतरासाठी दिलेला उतारा, जो माझं पोट भरतो. एकाच शब्दात औषध, तोडगा, पुरावा आणि भाषांतर.

जादवपूरला तौलनिक साहित्य शिकताना डी क्विन्सी वाचला होता. बुद्धदेव बसूंनी १९५६ मध्ये तो विभाग सुरू केला. बोदलेअरच्या कविता बंगालीत त्यांनीच आणल्या. बोदलेअरनं १८६० च्या ‘कृत्रिम स्वर्गां’वरच्या पुस्तकात डी क्विन्सीचं अफूचं आत्मकथन स्वतःच्या टिपणांसह फ्रेंचमध्ये उतरवलं होतं. एका नशेबाजाचा दुसऱ्यानं केलेला अनुवाद, असं आम्ही वर्गात हसून म्हणायचो. आता पुस्तिकेसाठी परत वाचताना १८२२ च्या आवृत्तीची पुरवणी डोळ्यांत भरली. डी क्विन्सीनं त्यात अफूच्या अर्काचे रोज किती थेंब घेतले याचा तक्ताच दिला आहे. आकडा उतरतो, पुन्हा चढतो, पुन्हा उतरतो. रंगवलेल्या स्वप्नांपेक्षा तो तक्ता खरा वाटला. चरकाचा पादांशिक क्रम एका इंग्रजानं एकट्यानं, न कळता, चुकतमाकत पाळायचा प्रयत्न केला होता.

हा प्रश्न प्रयोगशाळेत आणि दवाखान्यात मांडणारा माणूस पुढे कलकत्त्यातच झाला. कर्नल रामनाथ चोप्रा १९२१ मध्ये स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये औषधशास्त्राचे प्राध्यापक झाले. चित्तरंजन अॅव्हेन्यूवरची ती इमारत अजून उभी आहे; बराकपूरहून लोकलनं सियालदा गाठलं की तिथून लांब नाही. देशी औषधींवरचं त्यांचं काम सर्वांना माहीत आहे. पण त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिंदुस्थानातल्या अफूच्या सवयीचाही वर्षानुवर्षं अभ्यास केला. खाणाऱ्यांना भेटून ते विचारत, सुरुवात कशी झाली? उत्तरांत पुन्हा पुन्हा दुखणं येई: सांधे, खोकला, जुलाब, थकवा. चैनीसाठी घेणाऱ्यांइतकीच, किंबहुना त्याहून जास्त, औषध म्हणून सुरू केलेल्यांची गर्दी. १९३० च्या दशकात त्यांनी अफू थांबवून लेसिथिन आणि ग्लुकोज देत रुग्णांना या दिवसांतून पार करायचे प्रयोग केले. लेसिथिनचा उपाय आज कुणी वापरत नाही. त्यातला दृष्टिकोन मात्र राहिला. समोरचा माणूस रुग्ण आहे, त्याला होणारा त्रास मोजता येतो, कमी करता येतो, आणि मूळ दुखण्यावर इलाज केल्याशिवाय अफू सुटणार नाही.

त्याच दशकात अमेरिकेत केंटकीतल्या लेक्सिंग्टनला सरकारनं व्यसनी कैद्यांसाठी आणि स्वेच्छेनं येणाऱ्यांसाठी एक मोठी संस्था उघडली, १९३५ मध्ये. ‘नार्कोटिक फार्म’ म्हणत तिला. क्लिफ्टन हिमेल्सबाखनं तिथे जांभया, घाम, काटा, ताप, उलट्या यांना गुण देऊन टर्की मोजायची पट्टी तयार केली. अब्राहम विकलर या डॉक्टरच्या लक्षात याहून विलक्षण गोष्ट आली. महिनोन्महिने स्वच्छ असलेली माणसं नशेबद्दल बोलू लागली की त्यांना जांभया येत, डोळे पाणावत. घरी परतताना, जुन्या गल्लीच्या तोंडाशी, शरीर पुन्हा टर्कीत जाई. शरीरातून पदार्थ गेला तरी जागा, माणसं, वास यांच्यात तो शिल्लक होता. लेक्सिंग्टनमधून सुटलेले बहुतेक जण परत नशेकडे वळले.

*

मुंबईत अफूचा सगळ्यात मुका वापर गिरणगावात झाला. पाळीला जाणाऱ्या बायका तान्ह्या मुलाला बाळगोळी देऊन जात. कणभर अफूची गोळी. मूल संध्याकाळपर्यंत झोपे. १९२० च्या दशकातल्या सरकारी पाहणीत ही चाल सर्रास दिसली. या बायांना दोष देणारे लेख तेव्हा पुष्कळ आले, पाळणाघरं कमी आली. गोळी बंद झाल्यावर किरकिरणाऱ्या, हगवणीनं वाळणाऱ्या त्या मुलांचं जे होई, त्यालाही आज आपण विथड्रॉवलच म्हणू. चौकात उतारा ठेवणाऱ्या आईला त्याचं कारण कुणी सांगितलं नव्हतं.

स्वातंत्र्यानंतर सरकारनं दहा वर्षांत अफू खाणं बंद करायचं ठरवलं, आणि १९५९ मध्ये औषधाखेरीज विक्री थांबली. गाझीपूरचा कारखाना चालूच राहिला, आता मॉर्फिन आणि कोडीन या औषधांसाठी. मग १९८० च्या सुमारास इराण-अफगाणिस्तानातल्या उलथापालथीनंतर हेरॉईनचे रस्ते मुंबईवरून जाऊ लागले आणि ‘ब्राऊन शुगर’ उतरली. कलकत्त्यात तिला ‘पाता’ म्हणाले आणि घेणाऱ्याला ‘पाताखोर’. मराठीत ती ‘गर्द’ झाली, फारसीतली धूळ.

सात वर्षांच्या मला गर्द म्हणजे गर्द झाडी एवढंच ठाऊक होतं. त्यामुळे ‘मामा गर्दच्या नादी लागलाय’ हे आईचं बोलणं ऐकून मला वाटलं, मामा रानात जातो.

१९८२ च्या संपानंतर आजोबांची गिरणी परत सुरू झाली नाही. मामा तेव्हा एकोणीस-वीस वर्षांचा. १९८७ च्या मे महिन्यात मी लालबागला आजोळी होते. मामाला पोटमाळ्यावर ठेवून शिडी काढून घेतली होती. वरून आवाज येत. ‘टर्की आहे, उतरेल,’ असं शेजारचा एक मुलगा आजोबांना सांगत होता. आजी पेज करून वर चढवायची, ती उलटून यायची, ती परत करायची. मी खाली पत्ते खेळत होते. सहाव्या दिवशी शिडी लावली. मामा खाली आला, गिधाडासारखा वाळलेला, आणि मोरीत जाऊन आंघोळ केली. आजी म्हणाली, “सुटला गं बाई एकदाचा.” चाळीत साखर वाटली.

जूनमध्ये शाळा सुरू झाली म्हणून मी घरी आले होते. चाळीस दिवसांनी मामा रेल्वेच्या भिंतीपाशी सापडला. घरच्यांनी पुढे कित्येक वर्षं समजून घेतलं ते असं: त्यानं पुन्हा सुरू केलं, त्याला सोडायचंच नव्हतं, आमचे कष्ट वाया गेले. आजीनं तर स्वतःला दोष दिला, की आणखी आठवडाभर कोंडायला हवं होतं.

पुस्तिका करताना मला कळलं ते असं. सवयीच्या काळात शरीर मोठा डोस पेलायला शिकतं. टर्की उतरली की ते शिक्षण काही दिवस-आठवड्यांत पुसलं जातं. जुना माणूस जुन्याच मापानं पुडी घेतो, आणि नव्या शरीराचा श्वास बंद होतो. उतरल्यानंतरचे पहिले आठवडे हा सगळ्यात धोक्याचा काळ असतो. मामानं बहुधा पूर्वीएवढंच घेतलं होतं. चरकाचा ध्वंसक दारूचा, पण त्यानं ज्या वळणावर बोट ठेवलं होतं, ते हेच.

*

लालबागहून पुणे किती लांब? मामाच्या आधीच्या वर्षी, २९ ऑगस्ट १९८६ ला, येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण सुरू झालं होतं. अनिल अवचटांनी गर्दवर लिहिलेले लेख वाचून पु. ल. आणि सुनीता देशपांडे अस्वस्थ झाले, त्यांनी देणगी दिली, आणि डॉ. अनिता अवचट, म्हणजे सुनंदाताई, यांनी ते केंद्र उभं केलं. त्या त्याच रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ होत्या. मुंबईत वांद्र्याला फादर जो परेरांची कृपा फाउंडेशन १९८१ पासून काम करत होती. आमच्या चाळीत ही नावं पोचली नव्हती.

मुक्तांगणाचं वेगळेपण टर्कीनंतरच्या दिवसांत होतं. औषधं देऊन पहिले दिवस पार पाडायचे, आणि तिथून उपचाराला सुरुवात झाली असं मानायचं. गटात बोलणं, काम, व्यायाम, घरच्यांना बोलावणं, आणि सोडून बाहेर पडलेल्यांनीच नव्यांचा हात धरणं. सुनंदाताई १९९७ मध्ये गेल्या. पुढे मुक्ता पुणतांबेकरांनी, त्यांच्या मुलीनं, ते काम सांभाळलं.

औषधंही बदलत गेली. १९७८ मध्ये रक्तदाबावरचं क्लोनिडीन टर्कीवर उपयोगी पडतं असं दिसलं. मोकाट सुटलेल्या त्या पेशींना ते आवरतं. त्याआधी, १९६५ मध्ये, न्यूयॉर्कमध्ये व्हिन्सेंट डोल आणि मेरी निसवांडर यांनी वेगळाच विचार मांडला होता. घाईनं उतरवायचंच कशाला? मेथाडोन रोज ठरावीक मापानं, डॉक्टरच्या हातून देत राहा. माणूस जगेल, कामावर जाईल. पुढे ब्युप्रेनॉर्फिन आलं, जिभेखाली ठेवायची गोळी. ते अफूच्याच कुळातलं, पण अर्धवट काम करणारं, त्यामुळे श्वास थांबवण्याचा धोका कमी. जागतिक आरोग्य संघटनेनं २००५ मध्ये दोन्ही औषधं आवश्यक औषधांच्या यादीत घेतली, आणि भारतात राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्यात, २००७ नंतर, हा उपचार सरकारी पातळीवर आला. ‘एक नशा सोडून दुसरी’ असं म्हणून आपल्याकडे अजून त्याला नाक मुरडतात. मधुमेह्याच्या इन्सुलिनला आपण तसं म्हणत नाही.

आणि कोंडणं, बांधणं, मारणं? तेही चालू आहे, पोटमाळ्यांवर आणि पाट्या लावलेल्या खोल्यांत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं दारू आणि अमली पदार्थांशी निगडित मानसिक विकार मानसिक आजारात गणले, आणि साखळदंडानं बांधायला पूर्ण बंदी केली. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यातही उपचारासाठी स्वतःहून येणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यापासून सूट द्यायची तरतूद आहे. कायदा पुस्तकात आहे. तो शिडी काढून घेणाऱ्या हातांपर्यंत पोचायला कुणाच्या तरी भाषेत यावा लागतो.

*

कलकत्त्यातल्या टर्कीचं मला माहीत असलेलं सगळ्यात चांगलं चित्र एका कादंबरीत आहे. अमिताव घोष यांच्या २००८ च्या ‘सी ऑफ पॉपीज’मध्ये १८३८ च्या सुमाराचा अलिपूर तुरुंग येतो. दिवाळखोरीत बुडालेला जमीनदार नील हलदार याला एका कोठडीत टाकतात. कोपऱ्यात एक माणूस स्वतःच्या घाणीत पडलेला असतो. अफू मिळेनाशी झालेला आह् फट, मुंबईच्या पारशी व्यापाऱ्याचा चिनी मुलगा. अफूच्या व्यापारातूनच जन्मलेला आणि अफूनंच मोडलेला. ज्यानं आयुष्यात स्वतःचं अंथरूण उचललं नाही, तो नील झाडू मागून घेतो, कोठडी धुतो, मग त्या माणसाला धुतो. लेखकानं तिथे कसलाही चमत्कार केलेला नाही. शिवू नये असं ज्याला जन्मभर शिकवलं, त्यानं शिवलं, एवढंच.

मी ती पानं वाचताना आजीची पेज आठवत होते. परत परत करून वर चढवलेली. त्या सहा दिवसांत तिनं जे केलं ते बहुतेक बरोबर होतं: पाणी, पेज, मीठ, ओल्या फडक्यानं तोंड पुसणं. शिडी काढून घेणं चूक होतं. आणि सातवा दिवस कुणी तिला सांगितला नव्हता. आयोगांचे खंड, कारखान्याच्या वह्या, प्रयोगशाळेच्या पट्ट्या, इतकं सगळं लिहिलं गेलं, आणि लालबागच्या एका बाईला हवं असलेलं वाक्य तिच्या भाषेत तिच्यापर्यंत आलं नाही.

पुस्तिका गेल्या वर्षी छापून झाली. ‘प्रत्याहारजनित उपसर्ग’ला शेवटी मी कंसाशिवाय, तळटीपेशिवाय लिहिलं: ‘नशा उतरतानाचा त्रास (काही जण याला टर्की म्हणतात)’ असं आधी लिहिलं होतं; मग कंस काढला आणि टर्की सरळ मजकुरात घेतली. ज्यांना वाचायचं आहे त्यांना तोच शब्द ठाऊक आहे. दारूचा माणूस घरी कोंडून उतरवू नका, हे ठळक केलं. शेवटच्या पानावर मूळ बंगालीत एक परिच्छेद होता, मधेच कुठेतरी, सातव्या ओळीत. संस्थेच्या परवानगीनं मी तो पहिल्या पानावर आणला. तो असा:

त्रास उतरला म्हणजे आजार संपला असं समजू नका. आता शरीराला जुनं माप झेपणार नाही. एकदा पाय घसरला तर पहिल्यापेक्षा जास्त धोका आहे, हे त्याला प्रेमानं, स्पष्ट सांगा. त्याला एकटं सोडू नका. पुढच्या उपचारासाठी घेऊन या, आणि घसरला तरी घेऊन या.

छापखान्यातून प्रती आल्या तेव्हा त्यातली एक मी आईला मुंबईला पाठवली. तिनं फोन केला. बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “हे तेव्हा कुणी सांगितलं असतं गं.” आणि थोड्या वेळानं, “आणखी चार प्रती पाठव. आमच्या इमारतीत एक मुलगा आहे.”